पडद्यामागची काडी

गेल्या आश्विनात आमच्या घराला रंग काढला. रंगाऱ्यांचा पाय घरात पडला की घरातील एकूण एक वस्तू आपली जागा सोडते, आणि काम आटोपून पुन्हा जागेवर बसते तेव्हा तिला काही ना काही खोड जडलेली असते, हा अनुभव वाचकांपैकी बहुतेकांना असेलच. आमच्याकडे भिंतीवरचे घड्याळ दहा मिनिटे मागे पडू लागले, देवघराचे दार कुरकुरू लागले, आणि दूरचित्रवाणी संचाच्या पाठीमागे खोचलेली ती बोटभर वस्तू रुसली. या वस्तूला बाजारात 'स्टिक' म्हणतात. आंतरजालावरून येणारी चित्रे व नाटके ती संचाच्या पडद्यावर उतरविते. आमच्या मातोश्री तिला पहिल्या दिवसापासून 'काडी' म्हणत आल्या आहेत, आणि आमच्या घरात तोच शब्द रूढ झाला आहे. २०१८ सालच्या दिवाळीत आमच्या चिरंजीवांनी ती आणून लावली. म्हणजे तिचे वय सात वर्षांचे. माणसाच्या हिशेबाने हे मुंजीचे वय. यंत्राच्या हिशेबाने मात्र हे वानप्रस्थाचे, असे आम्हांस पुढे कळले.

खोड अशी की चित्र मध्येच थबके, आणि पडद्याच्या मधोमध एक चक्र गरगर फिरू लागे. कधी अर्धे मिनिट, कधी पाच मिनिटे. कधी पडदा काळाठिक्कर पडून काडी आपण होऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. आमच्यासारख्या वृत्तपत्र चाळणाऱ्याला त्याचे विशेष दुःख नव्हते. परंतु मातोश्री आज अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आहेत. १९५६ च्या नोव्हेंबरात नवे मध्यप्रदेश राज्य झाले, भोपाळ राजधानी ठरले, आणि नागपुरातील सरकारी कचेऱ्यांतून जी अनेक मराठी कुटुंबे फाइलींच्या पेट्यांमागोमाग इकडे आली, त्यांत आमचे वडील होते. त्यांच्यामागून वर्षभराने, नव्या नवरीच्या वेषात, मातोश्री आल्या. तात्या टोपे नगरातील सरकारी क्वार्टरांत त्यांच्या भोवती मराठी बायकांचा गोतावळा होता. भजन होते, हळदीकुंकू होते, गणपतीतील नाटक होते. आता त्या गोतावळ्यातील बहुतेक जणी राहिल्या नाहीत, आणि गुडघ्यांमुळे मातोश्रींचे घराबाहेर पडणे दोन वर्षांपासून बंद आहे. दारावर येणारा भाजीवाला, औषधे आणून देणारा मुलगा, रक्त तपासणीस नेणारी परिचारिका, सारी हिंदी बोलणारी माणसे. आम्हां घरच्यांखेरीज मातोश्रींच्या कानी पडणारे मराठी म्हणजे सायंकाळचे ते दोन तास. एके दिवशी चक्र तिसऱ्यांदा फिरू लागले, तेव्हा त्यांनी काही न बोलता हातातील कळयंत्र बाजूला ठेवले आणि साडेसातलाच दिवा मालवून पडून राहिल्या. त्या रात्री आम्ही ठरविले की या काडीचा निकाल लावायचा.

निकाल लावणे सोपे आहे असे सर्वांचेच मत पडले. चिरंजीव बंगळूरहून म्हणाले, "बाबा, नवी घेऊन टाका. घ्यायचीच तर फोर-के घ्या." शेजारचे एक स्नेही म्हणाले की काडीच काय, संचच बदला; आजकाल नव्या संचात काडी पोटातच असते. न्यू मार्केटातील एका दुकानदाराने काडीचे नाव ऐकताच एखाद्या दिवंगताचे नाव ऐकावे तसा चेहरा केला आणि "अंकल, ये तो अब बहुत पुराना हो गया" असा निर्वाळा दिला. गंमत अशी की या तिघांपैकी एकानेही काडीस झाले आहे तरी काय, हे विचारले नाही.

आमचे वडील असते तर त्यांनी तेच आधी विचारले असते. १९८२ साली आपल्या देशात रंगीत प्रक्षेपण आले, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात दिल्लीस भरलेल्या आशियाई क्रीडास्पर्धांनी लोकांना त्याची चटक लावली. आमच्या घरात १९८५ साली संच आला तो कृष्णधवल. १९८७ च्या जानेवारीत 'रामायण' मालिका सुरू झाली, तेव्हा आळीतील निम्म्या घरांत रंगीत संच होते. आम्ही मुले हट्टास पेटलो. वडिलांचे प्रश्न दोनच होते: "चित्र दिसते ना? आवाज येतो ना?" दोन्हींची उत्तरे होकारार्थी आल्यावर ते म्हणत, "मग रंग तेवढे आपापल्या मनाने भरा." तो संच १९९३ साली चित्रनळी जाऊन निकामी झाला, तेव्हाच रंगीत संच आला. वडिलांची ही काटकसर आमच्या घराण्यात दंतकथेसारखी सांगितली जाते. आम्ही स्वतः ती अभिमानाने सांगत आलो आहोत. म्हणून याही वेळी प्रथम वडिलांच्या पद्धतीने जाण्याचे आम्ही ठरविले.

त्यासाठी ही काडी करते काय, हे समजून घ्यावे लागले. चार कामे ती करते. घरातील बिनतारी आंतरजालावरून चित्राचे तुकडे गोळा करते. ते तुकडे फार दाबून, घडी घालून पाठविलेले असतात, ती घडी उलगडते. पाहणाऱ्याने वर्गणी भरली आहे की नाही, त्यास हे चित्र पाहण्याचा अधिकार आहे की नाही, याची कागदपत्रे तपासून घेते. आणि सरतेशेवटी चित्र व ध्वनी संचाच्या स्वाधीन करते. या चारांपैकी कोणते काम अडले आहे हे कळल्याखेरीज वैद्यकी करण्यात अर्थ नाही.

पहिला शोध लागला तो लाजिरवाणा होता. काडीला वीज लागते, आणि तिच्याबरोबर त्यासाठी एक छोटा अडॅप्टर मिळालेला असतो. तो भिंतीतील खटक्यात बसवायचा असतो. रंगाऱ्यांच्या गडबडीत तो कुठेतरी गेला, आणि पुन्हा जोडणी करताना आम्हीच काडीची तार संचाच्या पाठीमागील यूएसबी भोकात खुपसली होती. दिवा लागला, चित्र आले, आमचे समाधान झाले. वस्तुतः जुन्या पद्धतीच्या त्या भोकातून नियमानुसार अर्धा अँपिअरच प्रवाह मिळतो. अशा काड्यांना साधारणपणे एक अँपिअर हवा असतो. अर्धपोटी नोकर जितके काम करील तितकेच ती करीत होती. ओझे वाढले की भोवळ येऊन पडत होती. पडदा काळा पडून यंत्र पुन्हा सुरू होण्याचे कारण ते. अडॅप्टर रंगाच्या रिकाम्या डब्यात सापडला. तो भिंतीत बसवताच काळा पडदा नाहीसा झाला.

दुसरा शोध राउटरचा. आंतरजाल घरभर पसरविणारी ती पेटी रंगाऱ्यांनी मधल्या खोलीत लोखंडी कपाटामागे सरकवून ठेवली होती. या पेट्यांतून सहसा दोन प्रकारच्या लहरी निघतात. एक २.४ गिगाहर्ट्झची, भिंतीतून लांबवर जाणारी, पण शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सर्व यंत्रांनी गजबजलेली. दुसरी ५ गिगाहर्ट्झची, अधिक वेगवान, परंतु एक-दोन भिंतींतच दमणारी. लोखंडी पत्रा मात्र दोघींनाही अडवितो. पेटी कपाटावर आणून ठेवताच मोबाइलवर मोजलेला वेग कितीतरी पटींनी वाढला. येथे एक आकडा ध्यानी ठेवण्याजोगा आहे. नेटफ्लिक्सने आपल्या ग्राहकांना दिलेल्या मार्गदर्शनानुसार पूर्ण एचडी चित्रासाठी सेकंदाला ५ मेगाबिट वेग पुरतो, आणि फोर-के चित्रासाठी १५ लागतो. ज्यांच्या घरी काडीपाशी मोजता दहाच मेगाबिट येतात, त्यांनी फोर-के यंत्र घेतले तरी त्यातून फोर-के चित्र बाहेर पडणार नाही. तोटी पितळेची बसविली म्हणून नळाला पाणी वाढत नाही.

तिसरे काम झाडलोटीचे. काडीच्या पोटात साठवणीची जागा असते अवघी आठ गिगाबाइट, आणि त्यातही बरीच जागा तिच्या स्वतःच्या संसारास लागते. सात वर्षांत नातवंडांनी सुट्ट्यांमध्ये येऊन जे जे खेळ तीत भरले होते ते सारे काढून टाकले. पाठीमागे कोंडून तापणारी काडी छोट्या जोडतारेने संचाच्या कडेला मोकळ्या हवेत आणली. एवढ्यावर चक्र फिरणे जवळजवळ थांबले. खर्च शून्य.

येथे हा लेख संपला असता, आणि वडिलांच्या दंतकथेत आणखी एका प्रकरणाची भर पडली असती. परंतु चौथ्या दिवशी पडद्यावर एक सूचना झळकली. मातोश्री ज्या ॲपवर मराठी मालिका व नाटके पाहतात, ते ॲप या उपकरणावर यापुढे अद्ययावत होणार नाही, असा तिचा आशय होता.

हा प्रकार काय आहे हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी ही सूचना आज ना उद्या येणार आहे. आंतरजालावरील चित्राची जी घडी घालतात, तिच्या पद्धती काळानुसार बदलत गेल्या आहेत. २००३ साली ठरलेली एक पद्धत अजूनही सर्वत्र चालते. तिच्यानंतर २०१३ साली दुसरी आली. तिने तेवढ्याच प्रतीचे चित्र साधारण निम्म्या जागेत बसविले. २०१८ साली आणखी एक आली. घडी जितकी बारीक, तितका पाठविणाऱ्याचा खर्च कमी, म्हणून कंपन्यांचा कल नव्या पद्धतीकडे. पण घडी उलगडण्याचे कसब यंत्राच्या चिपमध्येच कोरलेले असते. ते मागाहून शिकविता येत नाही. ज्यांच्या घरी होळकरशाहीतले किंवा शिंदेशाहीतले जुने मोडी कागद असतील, त्यांना हे चटकन उमजेल. मोडी ही हात न उचलता भरभर लिहिण्याची, थोडक्या जागेत फार मावविणारी लिपी. केवळ बाळबोध शिकलेल्यापुढे तो कागद ठेवला तर त्याची दृष्टी कितीही चांगली असली तरी तो वाचू शकत नाही. जुनी काडी ही अशी बाळबोध वाचणारी. ती आंधळी झालेली नाही. तिच्यापुढे येणारे कागद बदलले आहेत.

दुसरी गोष्ट कागदपत्रांच्या तपासणीची. गूगलची क्रोमकास्ट नावाची अशीच एक वस्तू १३ साली अमेरिकेत आणि १४ च्या डिसेंबरात भारतात आली होती. तिच्या पहिल्या पिढीची देखभाल २०२३ साली थांबली, आणि २०२४ च्या ऑगस्टात कंपनीने त्या नावाच्या वस्तूंचे उत्पादनच संपविल्याचे जाहीर केले. तरी घरोघरी त्या चालू होत्या. २०२५ च्या मार्चमध्ये एके दिवशी जगभरातील दुसऱ्या पिढीच्या क्रोमकास्ट एकाएकी बंद पडल्या. कोणतीही तार तुटली नव्हती, कोणताही भाग जळला नव्हता. आपण अस्सल यंत्र आहोत हे सिद्ध करण्यासाठी त्यांच्या पोटात दहा वर्षे मुदतीचा एक दाखला घातलेला होता. त्याची मुदत संपली. कंपनीने काही दिवसांत दुरुस्ती पाठविली आणि यंत्रे पुन्हा जिवंत झाली. निवृत्तिवेतन घेणाऱ्या आमच्या पिढीला यात नवल वाटण्याचे कारण नाही. दर नोव्हेंबरात आपणही हयातीचा दाखला देतोच. माणूस धडधाकट समोर उभा असला तरी दाखला नसेल तर वेतन थांबते. फरक एवढाच की आपला दाखला आपण जाऊन देऊ शकतो. यंत्राचा दाखला त्याच्या निर्मात्याने द्यावा लागतो, आणि तो किती वर्षे द्यायचा हे निर्माताच ठरवितो.

म्हणजे यंत्र जुने होण्याची आमची कल्पनाच बदलावयास हवी. वडिलांच्या काळी वस्तू झिजून जुनी होई. आता ती झिजण्याआधीच निराधार होऊन जुनी होते. चित्र दिसते ना, आवाज येतो ना, हे दोन प्रश्न आता पुरत नाहीत. तिसरा विचारावा लागतो: हिची काळजी घेणारा कुणी उरला आहे ना? देखभाल थांबलेल्या यंत्रात सुरक्षेची भगदाडे पडली तरी ती बुजविली जात नाहीत. अशा यंत्रात आपले बँकेचे कार्ड वा खरेदीचे खाते नोंदवून ठेवणे शहाणपणाचे नव्हे.

एवढा खल झाल्यावर आम्ही मातोश्रींपुढे मोठ्या तोऱ्यात अहवाल ठेवला. अडॅप्टर, राउटर, मोडी लिपी, हयातीचा दाखला, सर्व सांगितले. शेवटी वडिलांच्या रंगीत संचाची गोष्ट सांगून म्हणालो, "बाबांनी सहा वर्षे कशी ओढून काढली, तशी आपणही ही काडी वर्षभर सहज ओढू. ते एक ॲप तेवढे अडले तर अडले."

मातोश्री थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "ती गोष्ट तुम्ही सगळे फार कौतुकाने सांगता. तेव्हा मला कुणी विचारले नव्हते. सीतेचे वनातले वस्त्र भगवे आहे की पिवळे, हे मी दर रविवारी शेजारणीला विचारत असे. मग एक दिवस विचारणे सोडले."

आम्हांस काय उत्तर द्यावे ते सुचले नाही. अडतीस वर्षे आम्ही जी गोष्ट काटकसरीची म्हणून सांगत होतो, तिच्यात एक माणूस होते आणि त्याची हौस होती, हे आमच्या कधी ध्यानातच आले नव्हते. वडील वाईट नव्हते. पगार तुटपुंजा होता, बहिणींची लग्ने व्हायची होती, त्यांचा निर्णय कदाचित बरोबरच होता. पण घरात जी व्यक्ती सर्वांत अधिक काळ संचासमोर बसणार, तिला न विचारता तो झाला होता. आणि आम्ही आज नेमके तेच करण्यास निघालो होतो. एवढेच नव्हे, 'एक ॲप तेवढे' असे ज्यास आम्ही म्हणालो, ते तिचे एकुलते एक होते.

तेव्हा आम्ही प्रश्न उलटा केला. "आई, तुला काय हवे ते सांग."

उत्तर तिच्यापाशी तयार होते. "मोठे चित्र नको. मध्ये थांबू नये. आणि माझ्या बोटांना ठाऊक असलेल्या कळा हलवू नका. मधली गोल कळ, आणि डावीकडून तिसरे चित्र म्हणजे माझे मराठी. त्यापलीकडे मला त्यातले काही समजत नाही, आणि समजून घ्यायचेही नाही."

या तीन वाक्यांनी आमची खरेदी ठरली. मोठे चित्र नको, म्हणजे संच बदलण्याचा प्रश्न मिटला. आमचा संच बत्तीस इंची, 'एचडी रेडी' म्हणतात त्या जातीचा. त्याच्या पडद्यावर आडवे १,३६६ आणि उभे ७६८, म्हणजे सुमारे साडेदहा लाख ठिपके आहेत. फोर-के चित्रात ३,८४० गुणिले २,१६०, म्हणजे जवळजवळ ८३ लाख ठिपके असतात. आठ पायल्यांचे धान्य एका पायलीच्या मापात ओतले तर सात पायल्या सांडणारच. शिवाय डोळ्यांनाही मर्यादा आहे. निरोगी दृष्टीस अंशाचा साठावा भाग, ज्योतिषाच्या भाषेत एक कला, इतक्या अंतरावरचे दोन ठिपके वेगळे ओळखू येतात. त्याहून बारीक येत नाहीत. त्या हिशेबाने आमच्या संचाचे ठिपके पावणेसहा फुटांपलीकडून वेगळे दिसतच नाहीत, आणि मातोश्रींची खुर्ची आहे दहा फुटांवर. पंचावन्न इंची पूर्ण एचडी पडद्यासाठी हे अंतर सुमारे सव्वासात फूट भरते. वाचकांनी आपल्या खुर्चीपासून पडद्यापर्यंत एकदा फूटपट्टी धरून पाहावी. कित्येकांचे फोर-केचे वेड तेथेच उतरेल. ज्यांचा पडदा मोठा आणि नवा आहे, जे जवळून पाहतात, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांनीही एवढे ध्यानात घ्यावे की फोर-के चित्राची वर्गणी सहसा सर्वांत वरच्या दराची असते. मोजून मिळणारे आंतरजाल असेल, तर नेटफ्लिक्सच्याच हिशेबाने एचडीला तासाला ३ गिगाबाइटपर्यंत लागतात आणि फोर-केला ७ पर्यंत.

मध्ये थांबू नये, म्हणजे नवे यंत्र हवे खरे, पण ते साधे एचडीचे चालेल. फक्त त्यास नवी घडी उलगडता आली पाहिजे, आणि त्याची देखभाल निदान काही वर्षे तरी होईल अशी निर्मात्याची हमी हवी. फार स्वस्तात मिळणाऱ्या अनोळखी पेट्या आम्ही याच कारणाने टाळल्या. कळा हलवू नका, म्हणजे यंत्र त्याच घराण्यातले हवे. दुकानदाराने दुसऱ्या जातीची एक पेटी पुढे केली होती, आणि तीवर बोलूनही हुकूम देता येत होता. आम्ही तिच्याशी दुकानातच शुद्ध मराठीत बोलून पाहिले, तिने भलतेच गाणे लावले. वाचकांपैकी कुणी बोलक्या यंत्राच्या मोहात पडणार असतील, त्यांनी हीच परीक्षा दुकानातच घ्यावी, घरी आल्यावर नव्हे.

चार हजारांच्या आतबाहेर नवी काडी आली. चिरंजीवांनी फोनवरून सांगितले तशी आम्ही पडद्यावरची चित्रे ओळीने लावली, आणि मराठीचे चित्र डावीकडून तिसरे आणून ठेवले. जुन्या कळयंत्राच्या गोल कळेवर आमच्या सौभाग्यवतींनी पूर्वीच नखरंगाचा लाल ठिपका दिला होता. नव्या कळेवर तोच ठिपका तशाच जागी दिला. अडॅप्टर या खेपेस भिंतीतच बसविला आहे, आणि त्याच्यावर 'काढू नये' अशी चिठ्ठी डकवली आहे.

राहिला जुन्या काडीचा प्रश्न. एका परिचितांनी ती मागितली होती. पण जिची देखभाल थांबत चालली आहे ती वस्तू दुसऱ्याच्या गळ्यात बांधणे प्रशस्त वाटले नाही. आम्ही तीतून आमची सर्व खाती काढली, 'मूळ स्थिती'ची आज्ञा देऊन तिचे पोट रिकामे केले, आणि ती कागदात गुंडाळून ठेवली. कचऱ्याच्या बादलीत मात्र टाकली नाही. या यंत्रांत शिसे, ब्रोमीनची संयुगे असे पदार्थ असू शकतात, आणि ती उघड्यावर जाळली की ते हवेत व मातीत जातात. देशातील पहिले ई-कचरा चिकित्सालय म्हणून २०२० च्या जानेवारीत आमच्याच शहरात महानगरपालिकेने व केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने एक केंद्र प्रयोगादाखल उघडले होते. २०२३ च्या एप्रिलपासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नव्या नियमांनी जुन्या यंत्रांच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तेव्हा आपल्या गावी असे संकलन कोठे होते याची चौकशी करून, चार-सहा वस्तू जमल्या की तेथे पोहोचवाव्यात, हे बरे.

भोपाळकरांस याविषयी अधिक सांगणे नको. १९८४ च्या डिसेंबरातील ती रात्र ज्यांनी पाहिली, त्यांना विष हवेतून कसे येते हे ठाऊक आहे. त्या कारखान्याच्या आवारात साठून राहिलेला सुमारे ३३७ टन विषारी कचरा २०२५ च्या जानेवारीच्या आरंभी पिथमपूरला नेण्यात आला आणि त्या वर्षीच्या जूनअखेरपर्यंत जाळून संपविण्यात आला. मधे चाळीस वर्षे गेली. एका काडीची त्या संहाराशी तुलना करणे अनुचित ठरेल. परंतु 'टाकून दिले' म्हणून कोणतीही वस्तू नाहीशी होत नाही, ती कुणाच्या तरी अंगणात जाऊन पडते, हे या शहरात राहणाऱ्याने तरी विसरू नये.

तात्पर्य, आपल्या घरची काडी अडू लागली तर पाच गोष्टी क्रमाने कराव्यात. वीज भिंतीतून मिळते की संचातून, ते पाहावे. राउटर कशाआड दडला आहे ते पाहून काडीपाशी वेग मोजावा. पोट साफ करावे. मग ज्या ॲपांची घरात खरोखर गरज आहे ती त्या यंत्रावर अजून जपली जात आहेत काय, हे तपासावे. जपली जात असतील तर कुणाच्याही आग्रहास बळी पडू नये, आणि नसतील तर उगाच जुन्याचा अभिमान बाळगू नये. पाचवी गोष्ट आम्ही शेवटी केली. वाचकांनी ती पहिली करावी. जी व्यक्ती ती वस्तू सर्वांत अधिक वापरते, तिला विचारावे.

नव्या काडीच्या पहिल्या सायंकाळी आम्ही मातोश्रींच्या पाठीमागे उभे होतो. लाल ठिपका, उजवीकडे दोनदा, पुन्हा लाल ठिपका. नाटक सुरू झाले. चक्र फिरले नाही. थोड्या वेळाने मागे न पाहताच त्या म्हणाल्या, "उभा कशाला राहिलास? बस की." आम्ही बसलो. नाटक पूर्वी पाहिलेले होते, तरी शेवटपर्यंत पाहिले.

आपल्याही घरी अशी एखादी वस्तू बदलण्याच्या उंबरठ्यावर असेल. ती बदलण्यापूर्वी कुणास विचारले, आणि काय उत्तर आले, ते वाचकांनी आम्हांस अवश्य लिहून कळवावे.